कमानीवरचं वाक्य

कंपनीची बस डांगे चौकातून निघाली की धम्मपाल खिल्लारेचे डोळे मिटायचे आणि चाकणच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत बस अडकली की आपोआप उघडायचे. त्या सोमवारी मात्र ते थेट गेटवर उघडले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला होता, कारण गेटच्या तोंडाशी बांबूची परांची उभी होती आणि परांचीवर एक पेंटर पाय खाली सोडून बिडी ओढत बसला होता. मागच्या आठवड्यापर्यंत नुसता पत्रा असलेल्या गेटवर आता लोखंडी कमान चढली होती. कमानीवर निळ्या रंगात, एकेक अक्षर हातभर उंच, 'श्रमातूनच मु' एवढं रंगवून झालं होतं. पुढचं खडूनं आखलेलं होतं. धम्मपालला आधी काहीच वाटलं नाही. या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या भिंती असल्या वाक्यांनी बरबटलेल्याच असतात. घरी कुणीतरी वाट पाहतंय, आधी सुरक्षा मग उत्पादन, ग्राहक हाच देव. माणूस त्यांच्याकडं बघत नाही, भिंतीवर पानाची पिंक असते तशी ती असतात. मग त्याची नजर खाली गेली. वाक्याच्या खाली, लहान अक्षरात, खडूनंच आखलेलं होतं: शब्द – धम्मपाल खिल्लारे, लेआउट विभाग.  हे शब्द खरंच त्याचे होते. ते त्यानं कुठं उभं राहून उच्चारले होते हे त्याला आठवलं.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं तिघांना म्युनिकला पाठवलं होतं, मूळ कारखान्यातली नवी लाइन बघून यायला. प्लँट हेड सुजित टिळेकर, मेंटेनन्सचा समर्थ आणि मशीन कुठं मांडायचं, माल कुठून आत येऊन कुठून बाहेर पडायचा, ते कागदावर आखणारा धम्मपाल. रविवारी सुट्टी होती. यजमानांनी विचारलं, काय बघणार, राजवाडा की तलाव. धम्मपालनं छळछावणीचं स्मारक म्हटलं. सुजित सर म्हणाले, चला, तेही होऊन जाऊ दे, तिकीट नाही म्हणतात. त्यांनी 'होऊन जाऊ दे' असं म्हटलं, लग्नाच्या बैठकीत चहा होऊन जाऊ दे म्हणतात त्या सुरात, आणि तो सूर धम्मपालच्या कानात दिवसभर राहिला. लोखंडी दरवाजा होता, साधाच, सोसायटीच्या गेटएवढा. त्याच्या जाळीत जर्मन अक्षरं वळवून बसवलेली होती. त्या दरवाज्यातून आत गेलेली हजारो माणसं राख होऊन निघाली होती. ज्यू, जिप्सी, कम्युनिस्ट, पाद्री, ज्याला ज्याला माणसांतून काढायचं ठरलं तो तो. सुजित सरांनी मफलर सारखा केला आणि विचारलं, "धम्मपाल, तुम्ही जर्मनचा क्लास केलाय ना. काय लिहिलंय हो?"

काम मुक्त करतं, असं धम्मपाल म्हणाला. तिथं थांबला असता तर चाललं असतं. पण थांबला नाही, कारण त्याला मराठीचा अभिमान. पिंपरीतल्या पोरवयापासून जयंतीच्या स्टेजवर सूत्रसंचालन करत आलेला माणूस, स्मरणिकेत लेख लिहिणारा, बाकीचे इंजिनियर मराठीत ईमेल लिहायची वेळ आली की ज्याच्याकडं येतात तो. 'काम मुक्त करतं' हे त्याच्या कानाला लंगडं वाटलं. तो म्हणाला, "म्हणजे, नीट मराठीत सांगायचं तर, श्रमातूनच मुक्ती." वाक्याला डौल आला. खुनशी माणसांनी मरणाऱ्यांची टिंगल करायला दारावर ठोकलेलं वाक्य धम्मपाल खिल्लारेनं घासूनपुसून, इस्त्री करून, मराठीत आणून दिलं. सुजित सर दोनदा मान हलवत म्हणाले, "काय वाक्य आहे. ते लोक वाईट होते, ते सोडा. पण वाक्य बघा." आणि फोन काढून ते टिपून घेतलं. धम्मपालला वाटलं होतं, टिपून घेतात ते विसरण्यासाठीच. सुजित सर ट्रेनिंगला जाऊन आले की असंच सगळं टिपून आणायचे, त्यातलं एकही आजवर कुठं उगवलं नव्हतं. हे नेमकं उगवलं.

आत खडीचं एवढं मोठं मैदान होतं की वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. बराकी पाडलेल्या, जागेवर नुसते दगडी चौकोन राखलेले, मधून पॉप्लरची झाडं. एक म्हातारी गाईड हळू इंग्रजीत सांगत होती की इथं रोज सकाळ-संध्याकाळ कैदी मोजायचे, आकडा जुळेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं, थंडीत, मेलेल्यालाही धरून उभं करायचं. समर्थ दगडी कठड्यावर बसून डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात होता. म्हातारीनं त्याला अदबीनं सांगितलं की इथं खाऊ नये. त्यानं डबा मिटला आणि सांगलीकडच्या ठसक्यात सुजित सरांना म्हणाला, "पण काय म्हणा सर, हिटलर लई कडक माणूस. असा एक आपल्याकडं पाहिजे. दोन वर्षांत सगळी सरळ होतील." म्हातारीला बाकी काही कळलं नसेल, ते एक नाव कळलं. ती थांबली. तिनं विचारलं, हे काय म्हणाले. सुजित सर लगेच पुढं झाले, चेहरा पाडून म्हणाले, "व्हेरी सॅड, मॅडम. ही सेज व्हेरी सॅड." म्हातारी तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, तिनं असली माणसं पुष्कळ पाहिली असावीत. दोन पावलांवर उभ्या धम्मपालला मात्र या दोघांची इतकी किळस आली की त्यांच्याबरोबर एकाच बसमधून परतणंही त्याला नकोसं झालं. आणि किळस करता करताच त्याच्या ध्यानात आलं की आपलं डोकंही स्वस्थ नाही. इकडून माणसं आत, तिकडं कपडे काढायचे, पुढं अंघोळ, पुढं बराक, अगदी शेवटी भट्टी. त्याचं डोकं सवयीनं त्यावर बाण काढत होतं. कुठं अडतं, कुठं उलटं फिरावं लागतं, कुठं एक भिंत हलवली असती तर जाण्यायेण्याचा वेळ वाचला असता. पंधरा वर्षं ज्या हातानं मालाचे बाण काढले तो हात खिशात होता तरी चालत होता. त्यानं खिशातून हात काढला आणि थंडीत उघडा धरला, शिक्षा दिल्यासारखा. शिक्षा कसली, तो एक चाळा.

एका भिंतीवर अनेक भाषांत लिहिलं होतं, पुन्हा कधीच नाही. त्या भाषांत मराठी नव्हती. तेव्हा धम्मपालला वाटलं होतं, आपली भाषा यांना माहीत नाही. आता परांचीखालून आत जाताना त्याला वाटलं, बरं झालं नव्हती. आपल्या लोकांना भिंतीवरचं नाही, दारावरचं वाक्य हवं होतं.

सुजित सरांच्या केबिनमध्ये एसी एवढा असतो की माणूस आत गेला की आपसूक हात बांधून उभा राहतो. "बसा, बसा," ते म्हणाले. "कमान पाहिलीत? शुक्रवारी वर्धापनदिन, जर्मनीचे दोन डायरेक्टर येतायत. त्यांच्या हस्ते पडदा. मी मुद्दाम तुमचं नाव टाकायला सांगितलं. क्रेडिट ज्याचं त्याला."

"सर, ते वाक्य कुठलंय ते तुम्हाला आठवतंय ना."

"म्हणजे काय. मीच तर टिपून घेतलं."

"ते छळछावणीच्या दारावरचं आहे."

"अहो, दारावरचंच ते. आपणही दारावरच लावतोय." सुजित सर हसले, आपण काहीतरी चतुर बोललो अशा बेतानं. मग खुर्ची पुढं ओढून समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा धम्मपाल, चाकूनं खून होतो म्हणून कांदा चिरायचं कुणी सोडत नाही. अर्थ बघा. श्रम केले की माणूस मोकळा होतो. यात चूक काय सांगा. तुमचे लोकही तेच सांगतात ना, शिका, कष्ट करा, वर या."

'तुमचे लोक' हे शब्द किती अलगद पडले. ऑडिटमध्ये एखादा डाग सापडावा आणि तपासणाऱ्यानं बोट न लावता नुसतं पेन त्याच्याकडं करावं, तसे. धम्मपालनं ते उचलले नाहीत. पंधरा वर्षांत न उचलायची सवय त्यानं कमावली होती, तिच्याच जोरावर तो लेआउटपर्यंत आला होता. "ते डायरेक्टर जर्मन आहेत सर," तो म्हणाला.

"वाक्य मराठीत आहे. त्यांना नक्षी वाटेल." सुजित सरांनी फोनकडं बघितलं, म्हणजे बोलणं संपलं. "आणि हो, वर्धापनदिनानंतर सेक्शन हेडची यादी लागेल. तुमचं नाव मीच घातलंय. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी पेंटर शेवटचा हात मारणार आहे, जाऊन नावाचं तेवढं तपासून या. खिल्लारे का खिलारे, ते मला नेहमी चुकतं."

कँटीनमध्ये समर्थनं ताटातली पोळी मोडत विचारलं, "काय धम्मा, तोंड का उतरलंय? कमानीवर नाव झळकतंय की राव. आमचं नाव तर मोटारीच्या जॉबकार्डवर असतंय, ते पण मोटार जळल्यावर."

"ते वाक्य कुठलंय माहितीय ना तुला."

"माहितीय की. मग काय झालं. इथल्या कोणाला माहितीय? ठेक्यावरली पोरं येत्यात, सात महिनं राबत्यात, परमनंट व्हायच्या आत ब्रेक घेऊन जात्यात. वर काय लिवलंय त्याचं त्यास्नी काय."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हीच किळसवाणी गोष्ट. दुष्टपणा असता तर निदान एक बाजू घेतल्यासारखं झालं असतं. पण समर्थ तसा भला माणूस होता. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला पोचायचा, रक्त द्यायचा. त्या खडीच्या मैदानावर डबा उघडून बसणारी माणसं अशी भलीच असतात. धम्मपालला वाटलं, दशमीचा घास गिळताना याच्या घशात काहीच कसं अडलं नाही. आणि आपण तरी काय केलं. आपण तोंड फिरवून झाडांकडं बघत राहिलो, आपली किळस एखाद्या दागिन्यासारखी अंगावर घालून.

मंगळवार, बुधवार तो गेटमधून आतबाहेर करताना मान वर करत नव्हता, तरी ती अक्षरं डोक्यावर असल्याचं मानेला कळायचं. सुटका एका ईमेलच्या अंतरावर होती, ते त्याला ठाऊक होतं. म्युनिकला दोन ओळी आणि एक फोटो, की तासाभरात परांची परत चढली असती. जर्मनांना त्या वाक्याची जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही. सुजित सरांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. बुधवारी दुपारी त्यानं तो ईमेल लिहूनही काढला, नम्र इंग्रजीत, आणि वाचून पाहिला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. म्हणजे मालकाच्या घरी जाऊन सांगायचं, साहेब, तुमचा मुकादम चुकला. गोऱ्या माणसाला लाज वाटली म्हणून काळ्या माणसानं वाक्य पुसायचं. पुसल्यावर तिथं काय राहणार, निळा पट्टा. मग त्यावर दुसरं घोषवाक्य, गुणवत्ता हीच पूजा किंवा असलंच काही. आणि सुजित सर पुढच्या मीटिंगमध्ये म्हणणार, काही सेन्सिटिव्ह इश्यू होता. चुना मारला की भिंत बोलायची थांबते, एवढंच चुन्याचं काम. त्यानं ईमेल पुसून टाकला.

पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी हायवेचा आवाज बाल्कनीत भरून येतो, दार लावलं तरी. त्याचे वडील साहेबराव तरी रोज बाल्कनीतच बसायचे. फाउंड्रीत बत्तीस वर्षं काढल्यावर कानाला तो आवाज सोबतीसारखा वाटत असावा. मूळ गाव परभणीकडचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं त्या वर्षी मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या, त्यात यांचीही जळाली. साहेबरावांचा थोरला भाऊ भिमाजी त्यात गेला. बाहेर पडला होता, दावणीची शेळी सोडायला परत फिरला. साहेबराव तसेच पिंपरीला आले ते गावाला पाठ करून, असं धम्मपालला लहानपणी वाटायचं. पण पाठ कसली. त्याच गावातली पोरं, ज्यांच्या बापांनी काड्या लावल्या त्यांचीच पोरं, चाकणला काम शोधायला आली की साहेबरावांचा पत्ता विचारत यायची आणि साहेबराव त्यांना चहा पाजायचे, वर गेटवरच्या कुणाला तरी फोन लावायचे. धम्मपालला या गोष्टीचा इतका राग यायचा की तो कप विसळून न ठेवता तसाच सिंकमध्ये आपटायचा. म्हातारा विसरला, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बापाला लाचार समजणं सोपं असतं. त्यामुळं आपल्याला काही विचारावं लागत नाही.

बुधवारी त्यानं कपडेही न बदलता बाल्कनीत स्टूल ओढलं आणि कमानीचं सगळं सांगितलं. सांगताना स्मारकाचंही सांगणं आलं. जर्मनीहून आल्यावर त्यानं वडिलांना फक्त चॉकलेट दिलं होतं आणि थंडी फार होती एवढंच सांगितलं होतं.

साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या छावनीजवळ गाव व्हतं का रे?"

"होतं. लागूनच."

"मंग गावातले लोकं काय करीत व्हते?"

"त्यांना माहीत नव्हतं म्हणतात."

साहेबराव हसले. दात नसलेलं, हिरड्यांचं हसू. "आमच्याबी गावाला माईत नव्हतं. रॉकेल कोन्या दुकानातून आलं तेबी माईत नव्हतं." पुढं विचारलं, "नावं लिवलेत का तिथं?"

"हो. मेलेल्यांची. सापडली तेवढी."

"आन मारनाऱ्याची?"

"काहींची आहेत. आत, फोटोखाली."

"गेटावर?"

"गेटावर नाही."

"हां," साहेबराव म्हणाले, ओळखीची गोष्ट ऐकल्यासारखे. मग खाली हायवेकडं बघत त्यांनी जे सांगितलं ते धम्मपालनं आजवर ऐकलं नव्हतं. कारण त्यानं विचारलंच नव्हतं. "तुझी आजी मेली तवा मी गावाला गेल्तो. तू कालेजात व्हतास, परीक्षा व्हती, तुला नाई नेलं. गावाला कमान केली व्हती. तंटामुक्त गाव म्हून सरकारचं बक्षीस भेटलं, त्याची. कमानीवर संगमरवर लावला. देनगी देनाऱ्याचे नावं कोरलेले. त्यात एक नाव व्हतं. भिमाजी शेळीसाठी आत फिरला तवा ज्यानं आमच्या दाराला भाईरून कडी लावली, त्याचं. कोरून, सोन्याच्या रंगात. मी उभा राहून वाचलं. गाव तंटामुक्त झालं बापू. भिमाजी मेला तो तंटा नव्हता."

"मग तुम्ही त्यांच्या पोरांना चहा कसा पाजता?"

"तहान लागलेल्याला पानी देतो. त्याचा बाप कोन व्हता ते त्याला सांगून देतो," साहेबराव शांतपणे म्हणाले. "दर येळी सांगतो. कप त्याच्या हातात असला की सांगतो. म्हनून दुसऱ्यांदा कोनी येत नाई. तुला वाटलं, कामून येत नाईत?"

 सिंकमध्ये आपटलेले कप त्याला आठवले आणि स्वतःविषयी जो तिटकारा वाटला तो बाकी सगळ्यांविषयी वाटणाऱ्यापेक्षा मऊ नव्हता. म्हातारा उठून आत गेला. जाता जाता म्हणाला, "पुसू नको. पुसलं की मंग कोनीच केलं नाई असं व्हतंय."

गुरुवारी पूर्ण इंडस्ट्रियल पट्टा सुट्टीला बंद असतो आणि तेव्हा तिथले रस्ते एखाद्या मोठ्या रिकाम्या ताटासारखे दिसतात. कुत्री मधोमध झोपलेली, चहाच्या टपऱ्यांवर फळ्या. धम्मपाल स्वतःच्या मोटारसायकलवरून गेला. गेटवर पेंटर होता, भैरू. चाकणजवळच्याच गावचा, कंपन्या येण्याआधी त्याच्या बापाची जमीन इथंच कुठंतरी होती. सिक्युरिटीचा माणूस खोलीत मोबाइलवर मॅच बघत होता. आदेश आला होता की नाव खिल्लारे साहेब तपासतील आणि ते सांगतील तसं लिहायचं.

"बघा साहेब, लऽ ला लऽ जोडून आखलंय," भैरू वरून म्हणाला. "आता तुमच्या म्हन्न्याप्रमानं."

"नाव राहू दे. त्याच्या आधी अजून लिहायचंय."

"जागा हाय व्हय? हाय, दोन वळी मावत्याल."

धम्मपालनं खडू मागितला, शिडीवर चढला आणि स्वतःच्या हातानं आखलं. त्याला माप कळत होतं, तेवढं एक तरी शिक्षण त्याच्या उपयोगी आलं. खडूतली 'शब्द'ची ओळ त्यानं तळहातानं पुसली. वर मोठं वाक्य तसंच. त्याच्या खाली: हे वाक्य जर्मनीतल्या छळछावणीच्या दारावरचं आहे. तिथं हजारो माणसं मारली. त्याखाली: या गेटसाठी निवड – सुजित टिळेकर, प्लँट हेड. मराठीत आणलं – धम्मपाल खिल्लारे. खाली उतरून त्यानं खडूचे हात पँटला पुसले. आपलं नाव काढायचा मोह एकदा झाला, लगेच विरला. ते काढलं असतं तर वरची सगळी अक्षरं एकट्या सुजित सरांची झाली असती, आणि ती तशी नव्हती.

भैरूही परांचीवरून उतरला आणि खालून वर बघत राहिला. "आमी अक्षर बघतो साहेब, वाचत न्हाई," तो म्हणाला. "पन हे वाचलं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मंग वरचं पुसून टाकतो की. थिनर हाय माझ्याकडं. पाच मिन्टाचं काम."

"नको."

"का म्हून न्हाई? उद्या पडदा वढल्यावर तुमचं आन माझं दोघांचंबी काम जाईल."

"मी सांगितलं म्हणून लिहिलं, एवढंच सांगायचं. तसाच आदेश आहे तुला."

भैरूनं डोकं खाजवलं. मग परत वर चढून डबा उघडला, ब्रश भिजवला आणि लिहायला बसला. लिहिताना तो ओठांनी अक्षरं उच्चारत होता. दर कामाच्या शेवटी पेंटर खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकतात, भैरू आर्ट्स आणि फोन नंबर. तिथवर आल्यावर त्याचा हात थांबला. "आज न्हाई टाकत," तो खाली न बघता म्हणाला. धम्मपालला क्षणभर त्याचीही चीड आली. मग वाटलं, हा एकटाच असा निघाला ज्यानं इथं नाव घालावं की नाही याचा विचार तरी केला. रंग वाळल्यावर दोघांनी मिळून केशरी कापडाचा पडदा कमानीवर चढवला आणि दोरी बांधली.

शुक्रवारी पहिली शिफ्ट आणि जनरल शिफ्ट गेटसमोर रांगेत उभी केली होती, टोप्या घालून, ठेक्याची पोरं मागं. ढोल-ताशा होता. पाहुण्या डायरेक्टरांना फेटे बांधले होते आणि ते त्यात सगळे पाहुणे दिसतात तसे दिसत होते, कौतुकानं अवघडलेले. एचआरच्या योगिनी मॅडम माइकवरून सांगत होत्या की आजचं घोषवाक्य आपल्याच परिवारातल्या एका सहकाऱ्याचं आहे. सुजित सरांनी धम्मपालला हाताला धरून पुढं ओढलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "अवर पोएट." मोठ्या पाहुण्यानं त्याचा हात हातात घेऊन दाबला. तो हात गरम होता, माणसाचा होता. धम्मपालला त्या माणसाबद्दल काही वाटेना, ना राग ना कणव. नुसतं वाटलं की ही कमान याच्यासाठी नाही.

दोरी ओढली. पडदा एका बाजूनं अडकला, मग सुटून खाली आला. टाळ्या आल्या, सवयीच्या, भरघोस, कारण टाळ्या वाचायच्या आधीच वाजवायच्या असतात. मग पुढच्या रांगेतून आवाज कमी झाला. एकेक हात वाचता वाचता थांबत होता. ओठ हलत होते. मागच्या ठेक्याच्या पोरांपैकी कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागला, शाळेत वाचतात तसं, शब्द तोडून तोडून, आणि दुसऱ्या ओळीवर त्याचा आवाज आपोआप खाली गेला. समर्थ टोपी काढून उभा होता, कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं. ताशा थांबला. योगिनी मॅडमच्या माइकमधून नुसता श्वास येत होता. एवढ्या माणसांत आता तिघेच टाळ्या वाजवत होते, पाहुण्यांकडं बघणारे सुजित सर आणि दोघे फेटेवाले, ज्यांना ती अक्षरं नक्षी वाटत होती. हसत, मान हलवत, धम्मपालकडं बघत पाहुणे वाजवत राहिले. सुजित सरांनी वर बघितलं. स्वतःचं नाव वाचायला माणसाला वेळ लागत नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण पाहुणे वाजवत होते, आणि ते थांबेपर्यंत सुजित टिळेकरांनाही हात थांबवता येईनात.